जबडा खरंच वाढवता येतो का? माकडं आणि उंदरांनी दिलेलं उत्तर

वरचे दात पुढे आणि हनुवटी मागे, अशा ठेवणीच्या दहा-बारा वर्षांच्या मुलाला ऑर्थोडोंटिस्ट बऱ्याचदा तारा लावण्याआधी वेगळंच काहीतरी देतात. ॲक्रिलिकचे दोन ठोकळे, एक वरच्या दातांवर आणि एक खालच्या. त्यांचे उतार असे घडवलेले असतात, की तोंड मिटायचं तर खालचा जबडा पुढे सरकवावाच लागतो. याला म्हणतात ट्विन ब्लॉक. स्कॉटलंडमधले विल्यम क्लार्क यांनी तो १९७७ मध्ये बनवला आणि आज आपल्याकडेही तो सर्रास वापरला जातो. पालकांना सांगितलं जातं, "याने खालचा जबडा वाढेल."

या वाक्यामागे पुरावा आहे. पण त्यातला सगळ्यात भक्कम भाग मुलांच्या तोंडातून आलेला नाही. तो आलाय माकडांच्या आणि उंदरांच्या पिल्लांकडून. त्या पिल्लांत नेमकं काय घडलं आणि त्यातलं किती आपल्या मुलांना लागू होतं, हे पालकांना कुणी क्वचितच समजावून सांगतं. वर्ष-दीड वर्ष मुलाने तोंडात ठोकळे वागवायचे, त्यासाठी घरच्यांनी चांगले पैसे मोजायचे, तर एवढं समजून घेण्याचा त्यांना हक्क आहे असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात स्वतःच्या चेहऱ्यापासून करू. कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड उघडा. बोटाखालून काहीतरी गोलसर पुढे सरकताना जाणवेल. ते खालच्या जबड्याचं वरचं टोक, काँडाइल. कवटीतल्या एका उथळ खळगीत ते बसलेलं असतं. मोठ्यांमध्ये ते फक्त सांध्याचं टोक असतं. वाढत्या वयात मात्र त्याच्यावर कूर्चेचं, म्हणजे कार्टिलेजचं, आवरण असतं आणि त्या कूर्चेचं सतत हाडात रूपांतर होत असतं. काँडाइल वर आणि मागे वाढतो, पण मागे कवटी असल्यामुळे जबडा खाली आणि पुढे ढकलला जातो. मूल मोठं होताना हनुवटी पुढे येते ती मुख्यतः अशी.

कूर्चा मांडीच्या हाडाच्या टोकाशीही असते, पण तिचा स्वभाव वेगळा आहे. लांब हाडांच्या वाढ-पट्टीत तयार कूर्चापेशीच विभागत राहतात आणि मुख्यतः शरीरातल्या संप्रेरकांचं ऐकतात. बाहेरून थोडं दाबलं-ताणलं म्हणून त्यांचा वेग फारसा बदलत नाही. काँडाइलची कूर्चा गर्भात उशिरा तयार होते आणि तिची रचना थरांची आहे. सगळ्यात वर तंतुमय पापुद्रा. त्याखाली अजून कूर्चा न झालेल्या कोवळ्या पेशींचा पातळ थर. त्याखाली कूर्चा, मग फुगलेल्या कूर्चापेशी आणि तळाशी नवं हाड. विभाजन होतं ते त्या कोवळ्या थरात, आणि आजूबाजूच्या हालचालीचा, ताणाचा, दाबाचा त्याच्यावर चांगलाच परिणाम होतो. बाहेरून लावलेल्या यंत्राने जबड्याच्या वाढीवर परिणाम होईल ही सगळी आशा त्या एका पातळ थरावर उभी आहे.

आशा जुनी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या विगो अँड्रेसन यांनी उन्हाळी सुट्टीत आपल्या मुलीच्या दातांवरच्या तारा काढल्या आणि त्याऐवजी खालचा जबडा पुढे धरून ठेवणारी एक सैल प्लेट दिली. सुट्टी संपल्यावर दातांची ठेवण बिघडण्याऐवजी सुधारलेली दिसली. त्यातून पुढे ‘ॲक्टिव्हेटर’ आलं आणि युरोपात अशा यंत्रांची एक परंपराच उभी राहिली. अमेरिकेत मात्र उलटा वारा होता. १९३१ पासून डोक्याचे ठरावीक अंतरावरून, ठरावीक कोनातून एक्स-रे काढायची पद्धत आली, जबड्याची वाढ वर्षानुवर्षं मोजता येऊ लागली, आणि शिकागोच्या ॲलन ब्रॉडींसारख्यांनी मत मांडलं की उपचाराने दात आणि दातांभोवतीचं हाड हलतं, जबड्याचा मूळ आराखडा बदलत नाही.

दोन्हीकडचे लोक प्रामाणिक होते आणि दोघांकडे रुग्णही होते. तरी वाद मिटेना, कारण मुलाच्या सांध्यातला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही. म्हणून प्राण्यांकडे वळावं लागलं.

व्हिएन्नाच्या कार्ल ब्राइटनर यांनी १९३० च्या दशकात ऱ्हिसस माकडांच्या दातांवर यंत्रं बसवून सांध्याचे काप तपासले. १९४० मध्ये, तोवर ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले होते, त्यांनी लिहिलं की हाडात बदल दिसतात, आणि ते काँडाइलमध्येच नाही तर ज्या खळगीत तो बसतो तिथेही. त्यांच्याकडे माकडं अगदी मोजकी होती, त्यामुळे ‘हे बदल एरवीही झालेच असते’ असं म्हणायला जागा राहिली. १९७१ मध्ये पॉल स्टॉक्ली आणि हान्स विलर्ट यांनी माकडांच्या सांध्यातल्या ऊतींचा बारकाईने अभ्यास केला आणि कूर्चा जाड होते हे स्पष्ट दाखवलं.

पण आज या विषयात ज्यांचं नाव पहिल्यांदा घेतलं जातं ते मिशिगन विद्यापीठाचे जेम्स मॅकनमारा. त्यांच्या पद्धतीचा कस एका गोष्टीत होता: माकडाला यंत्र काढताच येत नव्हतं. वरच्या आणि खालच्या दातांवर ओतीव धातूचे तुकडे सिमेंटने पक्के केले जात. नेहमीच्या जागी जबडा मिटायला गेलं की ते तुकडे आडवे येत, पुढे सरकवला तरच दात नीट टेकत. खाताना, गिळताना, झोपेत, चोवीस तास जबडा पुढेच.

सोबत जबड्याच्या स्नायूंमधले विद्युत संदेश नोंदवले जात होते. सुरुवातीला काँडाइलला पुढे ओढणारा लॅटरल टेरिगॉइड हा छोटा स्नायू एकदम जास्त काम करू लागला. पुढच्या आठवड्यांत तो हळूहळू शांत होत गेला. त्याच काळात काँडाइलमध्ये बदल घडत होते. मॅकनमारा आणि डेव्हिड कार्लसन यांच्या १९७९ च्या अभ्यासात वेगवेगळ्या टप्प्यांवर काप घेतले होते. काँडाइलच्या मागच्या-वरच्या भागातली कूर्चा पहिल्या दोन आठवड्यांतच जाड झालेली होती. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती सर्वात जाड होती आणि चोविसाव्या आठवड्यापर्यंत पुन्हा नेहमीसारखी पातळ. म्हणजे हाड वाढून जबडा नव्या जागी स्थिरावला, स्नायूला ओढायचं काम उरलं नाही आणि कूर्चाही थांबली. मला या सगळ्या संशोधनातला हाच भाग सगळ्यात सुंदर वाटतो, कारण यंत्र हाडाला ढकलत नाही हे इथे दिसतं. यंत्र फक्त जबड्याची बसायची जागा बदलतं, वाढायचं काम शरीर स्वतः करतं, आणि जेवढं लागतं तेवढंच करतं.

१९८७ मध्ये मॅकनमारा आणि फ्रान्सिस ब्रायन यांनी दीर्घ काळाचे आकडे दिले. १४४ आठवड्यांनंतर, म्हणजे पावणेतीन वर्षांनी, यंत्र लावलेल्या माकडांचे खालचे जबडे यंत्र न लावलेल्या माकडांपेक्षा सरासरी ५ ते ६ मिलिमीटर लांब होते. माकडाच्या जबड्याचा आकार लक्षात घेतला तर ही वाढ नजरेत भरणारी आहे. त्याच गटाने वाढ जवळजवळ संपलेल्या तरुण माकडांवरही यंत्र लावून पाहिलं. तिथे सांध्याचा प्रतिसाद बराच क्षीण होता.

ही ऱ्हिसस माकडं म्हणजे उत्तर भारतात देवळांभोवती आणि रेल्वे स्टेशनांवर दिसणारी लाल तोंडाची माकडं. अमेरिकेतल्या प्रयोगशाळांना ती अनेक वर्षं मोठ्या संख्येने भारतातूनच जात. १९७८ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. तोंडात धातू बसवलेल्या, सुटका नसलेल्या त्या पिल्लांच्या बळावर आपल्याला हे ज्ञान मिळालं, याची जाणीव ठेवायला हवी.

दुसरा मोठा धागा फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गचा. अलेक्सांद्र पेत्रोविच आणि त्यांचे सहकारी तिथे वाढत्या उंदरांना दिवसाचे काही तास जबडा पुढे धरून ठेवणारं यंत्र लावत आणि किरणोत्सारी खूण केलेला पदार्थ देऊन काँडाइलमधल्या किती पेशी विभागताहेत ते मोजत. १९६९ मध्ये त्यांनी दाखवलं की कोवळ्या पेशींच्या थरातलं विभाजन वाढतं. यावरून पेत्रोविच यांनी एक आखीव सिद्धांत मांडला: वरचा जबडा पुढे वाढतो, त्यामुळे दात जुळेनासे होतात, मेंदूला ते कळतं, तो लॅटरल टेरिगॉइडला जास्त काम देतो आणि त्या स्नायूच्या ओढीने काँडाइल वाढतो.

सिद्धांत देखणा होता, पण त्यातला स्नायूचा दुवा पुढे कच्चा ठरला. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात उंदरांचा हा स्नायू काँडाइलपासून तोडला, तरी काँडाइलच्या वाढीत फारसा फरक पडला नाही. पुढे जॉन वुदूरिस यांनी लहान माकडांत जबडा पुढे धरून ठेवणारं, दातांवर पक्कं बसवलेलं हर्ब्स्ट यंत्र वापरून स्नायूंचे संदेश नोंदवले, तर काँडाइलची वाढ होत असताना स्नायूचं काम उलट कमी झालेलं दिसलं. त्यांच्या मते काँडाइल खळगीतून पुढे सरकला की मागे राहिलेल्या मऊ ऊती ताणल्या जातात आणि तो ताण कूर्चेपर्यंत पोहोचून वाढीला चालना देतो. माझा कल या स्पष्टीकरणाकडे आहे, कारण स्नायू तोडलेल्या उंदराचं कोडंही त्यातून सुटतं.

पेशींच्या आत काय होतं हे २००० नंतर हाँगकाँग विद्यापीठातल्या राबी, हेग आणि सहकाऱ्यांनी टप्प्याटप्प्याने मांडलं. ३५ दिवसांचे, म्हणजे वयात येण्याच्या उंबरठ्यावरचे पांढरे उंदीर. त्यांच्या पटाशीच्या दातांवर छोटं यंत्र. मग ३, ७, १४, २१ आणि ३० दिवसांनी सांध्याचे काप. यंत्र लावलेल्या उंदरांत आधी सॉक्स-९ या जनुकाचं काम वाढलेलं दिसलं. हे जनुक कोवळ्या पेशींना कूर्चा व्हायला लावतं. त्यामागून कूर्चेचं मुख्य प्रथिन, टाइप-२ कोलॅजेन. पेशी फुगल्या की टाइप-१० कोलॅजेन. आणि मग नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारं व्हीईजीएफ. रक्तवाहिन्या आत शिरल्या की हाड बांधणाऱ्या पेशी येतात आणि कूर्चेच्या जागी हाड बसतं. कवटीतल्या खळगीतही नवं हाड दिसलं. नेहमीची वाढ याच क्रमाने होते, यंत्राने ती फक्त जोरात झाली.

वरच्या जबड्याची गोष्ट वेगळी आहे आणि तुलनेने सोपीही. तिथे काँडाइल नाही, हाडांच्या मधल्या शिवणी आहेत. टाळूच्या मधोमध अशीच एक उभी शिवण असते. सॅन फ्रान्सिस्कोच्या इमर्सन एंजेल यांनी १८६० मध्येच एका मुलीच्या तोंडात स्क्रू बसवून टाळू रुंद केल्याचं लिहिलं होतं, पण समकालीनांचा त्यावर विश्वास बसला नाही आणि ती पद्धत अमेरिकेत बाजूला पडली. जवळपास १०० वर्षांनी इलिनॉय विद्यापीठात अँड्र्यू हास यांनी डुकरांच्या पिल्लांवर तोच प्रयोग केला. शिवण उघडली, फटीत नवं हाड भरलं. १९६१ मध्ये त्यांनी डुकरं आणि माणसं दोन्हींची निरीक्षणं प्रसिद्ध केली आणि आजचं ‘पॅलेटल एक्स्पान्शन’ उभं राहिलं. पालक घरी किल्लीने स्क्रू फिरवतात तो हाच, एका पाव फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर. काही दिवसांत मुलाच्या वरच्या मधल्या दोन दातांत फट पडते. पालक घाबरतात, पण शिवण उघडल्याची ती खूण आहे. फट पुढे आपोआप मिटत येते.

१९७० च्या दशकात माकडांचा वरचा जबडा बाहेरून पुढे किंवा मागे ओढूनही पाहिला गेला. दोन्ही दिशांना शिवणींनी प्रतिसाद दिला. वय वाढेल तशा त्या शिवणी एकमेकींत अधिकाधिक गुंततात, म्हणून हे उपचार लहानपणीच करायचे असतात. वरच्या जबड्याच्या बाबतीत प्राण्यांनी जे दाखवलं ते मुलांत बऱ्यापैकी तसंच उतरलं.

खालच्या जबड्याच्या बाबतीत तसं झालं नाही.

१९९० च्या दशकात या विषयात पहिल्यांदा नीट तुलना करणारे अभ्यास सुरू झाले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात दात पुढे असलेल्या मुलांचे चिठ्ठी टाकावी तसे गट पाडले: काहींना ॲक्टिव्हेटरच्या जातीचं यंत्र, काहींना डोक्याला अडकवायचं हेडगिअर, काहींना काहीच नाही. सव्वा वर्षानंतर उपचार मिळालेली मुलं सरासरीने पुढे होती. मग सगळ्यांना तारा लावल्या. २००४ मध्ये अंतिम निकाल आले तेव्हा तिन्ही गटांत जबड्यांच्या ठेवणीत म्हणण्यासारखा फरक उरला नव्हता. ब्रिटनमध्ये केविन ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी ८ ते १० वर्षांच्या १७४ मुलांवर ट्विन ब्लॉकचा असाच अभ्यास केला आणि २००३ मध्ये निकाल दिले. दात छान मागे आले होते. पण त्या सुधारणेतला साधारण पाव हिस्साच जबड्यांमुळे होता, बाकीचा दात कलण्या-सरकण्यामुळे. हाडाचा वाटा सरासरी दोन मिलिमीटरच्या आसपास.

मग माकडांचे ५-६ मिलिमीटर कुठे गेले?

पहिलं कारण वेळेचं. माकडाच्या तोंडातलं यंत्र सिमेंटने बसवलेलं होतं. मूल ते शाळेत डब्यात ठेवतं, खेळताना काढतं, रात्री विसरतं. दुसरं, प्रत्येक प्राण्याचा सांधा वेगळा. उंदीर कुरतडताना जबडा सहज मागे-पुढे सरकवतो, त्याची खळगी लांबट आणि सपाट आहे. माणसात काँडाइलच्या पुढे हाडाचा उंचवटा आहे. उंदराची वाढ काही आठवड्यांत उरकते, मुलाची पंधरा-सोळा वर्षं चालते. तिसरं कारण फारसं कुणी सांगत नाही, पण माझ्या मते ते सगळ्यात वजनदार आहे: त्या माकडांचे आणि उंदरांचे जबडे मुळात सामान्य होते. निरोगी जबडा पुढे नेला तर तो वाढतो, एवढंच त्या प्रयोगांनी सिद्ध केलं. ज्या मुलाचा जबडा आनुवंशिकतेनेच आखूड आहे, त्याची कूर्चा तेवढ्याच उत्साहाने प्रतिसाद देईल, हे त्यातून सिद्ध होत नाही.

चौथी गोष्ट काळाची. यंत्र चालू असताना मुलांतही जबडा थोडा वेगाने वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. यंत्र थांबल्यावर तो वेग मंदावतो आणि उपचार न घेतलेली मुलं हळूहळू गाठतात. पुढच्या महिन्याच्या पगारातून घेतलेल्या उचलीसारखं हे आहे. पैसे आज हातात येतात, वर्षाची कमाई फारशी वाढत नाही. स्वीडनचे हान्स पँचर्झ यांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी हर्ब्स्ट यंत्र पुन्हा वापरात आणलं. ते दातांवर पक्कं बसतं, मुलाला काढता येत नाही, म्हणजे माकडांवरच्या प्रयोगाच्या बरंच जवळचं. तिथेही उपचाराच्या काळात वाढ वेगाने होते आणि नंतर जबडा बऱ्याच अंशी आपल्या मूळ चालीवर परततो.

याचा अर्थ ट्विन ब्लॉक निरुपयोगी आहे असा मुळीच नाही. पुढे आलेले दात मागे येतात, ओठ मिटतात. ब्रिटनच्या त्याच अभ्यासात मुलांचा आत्मविश्वास वाढलेला दिसला, आणि वर्गात दातांवरून चिडवल्या जाणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही. लवकर उपचार घेतलेल्या मुलांचे पुढचे दात पडून-धडपडून तुटण्याचं प्रमाणही कमी असतं. क्रिकेट खेळणाऱ्या, सायकलवरून पडणाऱ्या पोरांच्या बाबतीत मी हे कारण जबड्याच्या लांबीपेक्षा वरचं मानेन. फक्त पालकांना हेच सांगायला हवं: दात मागे येतील, चेहरा थोडा बदलेल, हनुवटी एखाद-दोन मिलिमीटर पुढे येईल किंवा येणारही नाही. जबडा फारच मागे असेल, तर वाढ संपल्यावर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागू शकतो हेही आधीच कळलेलं बरं.

मला राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. याच माकडांचे आणि उंदरांचे फोटो दाखवून हल्ली मोबाइलवर वीस-पंचविशीतल्या तरुणांना जबडा वाढवणारी रबरी यंत्रं आणि जीभ टाळूला दाबण्याचे वर्ग विकले जातात. प्रयोगातले प्राणी ३५ दिवसांचे उंदीर किंवा अल्पवयीन माकडं होती. वयात आलेल्या माकडांनी त्याच यंत्राला कसा प्रतिसाद दिला, ते मिशिगनने तेव्हाच छापून ठेवलंय, आणि या जाहिरातींत त्याचा उल्लेख नसतो.

उपचार सुरू करायचेच असतील तर डॉक्टरांना वाढीच्या टप्प्याबद्दल विचारा. मुलींमध्ये वाढीचा जोर साधारण दहा ते बाराच्या दरम्यान असतो, मुलांमध्ये दोनेक वर्षं उशिरा. बाजूने काढलेल्या एक्स-रेत मानेच्या मणक्यांचे आकार पाहून किंवा मनगटाच्या एक्स-रेवरून तो टप्पा ठरवता येतो. सहा-आठ महिन्यांनी ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो समोर ठेवले जातील, तेव्हाही एक विचारा: मूल जबडा सवयीने पुढे धरून बसलंय, की तो खरोखर तिथे स्थिरावलाय? डॉक्टर मुलाला सैल बसवून, जबडा हलकेच मागे नेत हे तपासू शकतात. बाकी, यंत्र नसतं तर हेच मूल किती वाढलं असतं, ते फोटोवरून कळत नाही. उंदरांच्या प्रयोगात शेजारच्या पिंजऱ्यात यंत्र न लावलेले उंदीर होते, म्हणून तिथे ते मोजता आलं.